कुंचल्यातून आणि कॅमेऱ्यातून उलगडणारा गायबगळा

पावसाच्या पहिल्या सरींनी जमीन मऊ झाली की शेतात नांगर किंवा ट्रॅक्टर फिरू लागतो आणि त्याच्या मागोमाग पांढऱ्या पक्ष्यांची एक रांग चालू लागते. उलटलेल्या मातीतून बाहेर पडणारे किडे, नाकतोडे आणि बेडूक टिपण्यात हे पक्षी इतके गढलेले असतात की यंत्राच्या आवाजाचीही त्यांना तमा नसते. गायरानात म्हशींच्या पायांशी, तळ्याकाठच्या गवतात, गावाबाहेरच्या उकिरड्यावर, रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या भातखाचरात, पंजाबपासून केरळपर्यंत हा पक्षी आढळतो. तो म्हणजे गायबगळा.

अतिपरिचयामुळे त्याच्या वाट्याला दुर्लक्ष आले आहे. पक्षिनिरीक्षक यादीत त्याची नोंद करून पुढे जातात. दुर्मीळ पक्ष्याच्या शोधात निघालेला छायाचित्रकार त्याच्यासाठी कॅमेरा उचलत नाही. सर्वसामान्यांच्या दृष्टीने तो केवळ ‘एक बगळा’ असतो. वास्तविक भारतातील गायबगळ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते एका रंगीत चित्राच्या आधारे, आणि अमेरिका खंडातील त्याच्या आगमनाचा एक महत्त्वाचा पुरावा चलच्चित्रणातून हाती आला. चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्या नजरेने पाहिले तर या साध्या पक्ष्यात पाहण्यासारखे बरेच काही आहे. त्याच्या अस्तित्वाशी निगडित एक जबाबदारीही त्याच नजरेतून लक्षात येते.

नावांत दडलेले निरीक्षण

भारतीय भाषांतील या पक्ष्याची नावे एकत्र ठेवली तर लोकांनी त्याला किती बारकाईने पाहिले होते, याची कल्पना येते. मराठीत तो गायबगळा किंवा ढोरबगळा, गुजरातीत ढोर बगलो, बंगालीत गो-बक, तर कन्नडमध्ये गोवक्की. मल्याळममध्ये त्याला कालिमुंडी म्हणतात. त्यातील ‘कालि’ म्हणजे गुरेढोरे. ही सारी नावे तो कोणाच्या सोबतीने वावरतो हे सांगतात. तमिळमधील उण्णिक्कोक्कु हे नाव त्याच्या आहाराकडे बोट दाखवते, कारण ‘उण्णि’ म्हणजे गोचीड. हिंदीतील सुरखिया बगुला या नावाने मात्र त्याचा रंग टिपला आहे. पांढऱ्या पक्ष्याला ‘सुर्ख’ म्हणजे लालसर असे विशेषण का लागावे, या प्रश्नाचे उत्तर विणीच्या हंगामात मिळते.

शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला दिलेले ‘बुबुल्कस’ हे लॅटिन नाव म्हणजे गुराखीच. अलीकडच्या काही पक्षिसूचींनी त्याला इतर बगळ्यांसमवेत ‘आर्डिया’ या प्रजातीत समाविष्ट केले आहे. तरीही सर्वसामान्य वापरात गुराखी हे नाव टिकून आहे.

गोचिडी वेचणारा पक्षी म्हणून त्याची ख्याती असली तरी त्याच्या आहारात गोचिडींचा वाटा अल्प असतो. नाकतोडे, रातकिडे, माश्या, कोळी, बेडूक, छोटे सरडे हे त्याचे मुख्य खाद्य आहे. गुरे चरताना गवतातून कीटक उडतात आणि बगळ्याला ते विनासायास मिळतात. एकट्याने भक्ष्य शोधताना जेवढी पावले टाकावी लागतात, त्यापेक्षा कमी श्रमात गुरांच्या सोबतीने त्याला अधिक भक्ष्य मिळते, हे निरीक्षणांतून सिद्ध झाले आहे. ट्रॅक्टरच्या मागे चालण्याचे गणितही तेच. माणसाने शेतीची पद्धत बदलली आणि या पक्ष्याने सोबती बदलला, सवय बदलली नाही.

पांढऱ्या रंगातील बदल

आपल्याकडे दिसणारे सर्व पांढरे बगळे एकाच जातीचे नसतात. काळी चोच, काळे पाय आणि पायांची बोटे पिवळी असतील तर तो लहान बगळा. अंगाने मोठा, मान लांब आणि जबड्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असेल तर तो मोठा बगळा. मध्यम बगळा आकाराने या दोहोंच्या मधला असतो. गायबगळा या सर्वांपेक्षा ठेंगणा आणि आखूड मानेचा. त्याची लांबी साधारण अर्धा मीटर. चोच पिवळी व मजबूत असते आणि हनुवटीखालचा भाग किंचित फुगीर असल्याने चेहऱ्याला एक विशिष्ट भारदस्तपणा येतो. रेखाटन करणाऱ्याने हा फुगीर भाग आणि आखूड मान अचूक पकडली की पक्षी ओळखता येतो. बाकीचा तपशील दुय्यम.

विणीचा हंगाम आला की त्याचे रूप पालटते. डोके, मान, छाती आणि पाठ यांवर नारिंगी-पिवळसर लांब पिसे उगवतात. भारतात आढळणाऱ्या पूर्वी गायबगळ्यात हा रंग गालांवर आणि गळ्यावरही पसरतो. आफ्रिका, युरोप आणि अमेरिकेतील पश्चिमी गायबगळ्यात तो एवढा पसरत नाही. बऱ्याच काळापर्यंत एकाच जातीचे दोन प्रकार मानले गेलेले हे पक्षी आता अनेक सूचींत स्वतंत्र जाती म्हणून गणले जातात.

जोडी जमण्याच्या आसपास काही दिवसांपुरते त्याची चोच, पाय आणि डोळ्यांची बुबुळेही लालबुंद होतात. ही अवस्था अत्यल्प काळ टिकते. त्यामुळे लाल चोचीच्या गायबगळ्याचे छायाचित्र हे रोज त्याच पक्ष्याकडे पाहणाऱ्याच्या चिकाटीचे फळ असते. सुरखिया हे नाव देणाऱ्या अनामिक माणसाने हीच चिकाटी दाखवली असली पाहिजे.

कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून पॅरिसला

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निसर्गअभ्यासक काँत द ब्युफाँ यांच्या पक्षिविषयक ग्रंथमालेसोबत हाताने रंगवलेल्या चित्रांचा एक प्रचंड संग्रह प्रसिद्ध झाला. एडमे-लुई दोबाँताँ यांच्या देखरेखीखाली फ्रान्स्वा-निकोला मार्तिने या कलावंताने ही चित्रे कोरली. हजाराच्या वर असलेल्या या चित्रांतील एका चित्रात भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील, म्हणजे आजच्या तमिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या पूर्वकिनाऱ्यावरील, एक बगळा दाखवलेला होता.

ब्युफाँ यांनी पक्ष्यांना फ्रेंच नावे दिली होती. लिनियस यांच्या पद्धतीची दोन पदांची लॅटिन नावे त्यांनी वापरली नाहीत. ही उणीव डच वैद्य व निसर्गअभ्यासक पीटर बोडार्ट यांनी भरून काढली. १७८३ मध्ये त्यांनी या चित्रांची सूची छापली आणि प्रत्येक चित्रातील पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. सूचीच्या जेमतेम ५० प्रती निघाल्या होत्या, तरी तिच्यातील अनेक नावे आजही प्रमाण मानली जातात. त्यात कोरोमंडलच्या या बगळ्याला ‘कोरोमंडा’ हे पद मिळाले. आपल्या बांधावरच्या गायबगळ्याचे शास्त्रीय नाव असे एका चित्रावर उभे आहे. चित्रकाराने रंग चुकवला असता किंवा मान लांबवली असती, तर अभ्यासकांपुढे कायमचा पेच उभा राहिला असता. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी चित्राची अचूकता हा विज्ञानाचा पुरावा होता, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते.

त्याच काळात भारतातही निसर्गचित्रणाला बहर आला होता. कोलकात्यात सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या इलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या कलावंतांकडून पक्ष्यांची चित्रे काढून घेतली. कोरोमंडल किनाऱ्याजवळच्या तंजावरला मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या दरबारातील चित्रकारांना पशुपक्षी व वनस्पती रेखाटण्याच्या कामी लावले. १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेल्या या राजाने वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र आहे. मोगल दरबारातील बारीक कुंचल्याची परंपरा आणि युरोपीय कागद व जलरंग यांचा संगम या चित्रांत झाला.

अशा चित्रकारांपुढे पांढरा पक्षी एक खास प्रश्न उभा करतो. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी काढायचा कसा? त्याची दोन उत्तरे आहेत. एक तर पक्ष्याच्या जागी कागद कोरा सोडायचा आणि भोवतीची जागा रंगवायची. दुसरे म्हणजे पिसांच्या सावल्यांत फिकट करडी, निळसर किंवा पिवळसर छटा वापरून आकार उभा करायचा. दोन्ही मार्गांनी जाताना चित्रकाराच्या लक्षात येते की पांढऱ्या पक्ष्यावर निव्वळ पांढरा रंग फारच थोड्या ठिकाणी असतो. सकाळच्या उन्हात त्याची छाती सोनेरी दिसते, पोटाखाली गवताची हिरवी झाक पडते आणि पंखाच्या आतल्या बाजूस आकाशाची निळसर छाया उतरते. शास्त्र सांगते की पांढऱ्या पिसांत रंगद्रव्य नसते. पिसांची सूक्ष्म रचना सर्व रंगांचा प्रकाश विखुरते आणि म्हणून पीस पांढरे दिसते. भोवतालचा प्रकाश बदलला की पक्ष्याचा रंगही बदलतो, याचे कारण हेच.

काळा मेघ आणि शुभ्र माळ

लघुचित्रकारांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. राजस्थानी आणि पहाडी शैलीतील वर्षाऋतूच्या चित्रांत, विशेषतः बारामासा मालिकेतील श्रावण-भाद्रपदाच्या चित्रांत, काळ्या-निळ्या ढगांपुढून पांढऱ्या पक्ष्यांची रांग उडताना दिसते. पक्षी आकाराने बोटाच्या पेराएवढेही नसतात, परंतु सफेद्याच्या त्या काही ठिपक्यांमुळे ढगांचा काळेपणा गडद होतो आणि आकाशाला खोली येते.

या प्रतिमेचे मूळ संस्कृत काव्यात आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त यक्ष मेघाला सांगतो की वाटेत बलाका आकाशात माळ धरून तुझी सेवा करतील. त्यांच्या मीलनाचा काळ आणि मेघाचे आगमन यांचा संबंधही कवी तिथे सूचित करतो. ज्या रामगिरीवरून मेघाचा प्रवास सुरू होतो तो नागपूरजवळचा रामटेक, असे अनेक विद्वान मानतात. ‘बलाका’ या शब्दाने नेमका कोणता पक्षी अभिप्रेत आहे याविषयी मतभेद असले, तरी पावसाळ्याच्या आरंभी बगळ्यांची वीण सुरू होते, हे आजच्या पक्षिशास्त्रालाही मान्य असलेले सत्य कवीच्या नजरेने टिपले होते.

हेच दृश्य पुढेही भारतीय मनाला भुरळ घालत राहिले. रामकृष्ण परमहंसांना बालपणी कामारपुकूरच्या शेतात काळ्या मेघावर उडणारी शुभ्र पक्ष्यांची रांग पाहून भावसमाधी लागली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. वा. रा. कांत यांच्या, वसंतराव देशपांडे यांनी गायलेल्या भावगीतामुळे बगळ्यांची माळ ही प्रतिमा मराठी रसिकांच्या स्मरणात कायमची राहिली. डोक्यावरून बगळ्यांचा थवा जाताना नखांवर पांढरे ठिपके मागण्याचा मुलांचा खेळ महाराष्ट्रात होता, तसाच तो तमिळनाडूतही आहे.

अशी चित्रे पाहताना एक खूण उपयोगी पडते. बगळे उडताना मान दुमडून खांद्यांत ओढून घेतात. सारस, क्रौंच आणि शराटी मान पुढे ताठ ठेवून उडतात. चित्रातील पांढऱ्या पक्ष्याची मान आखडलेली असेल, तर चित्रकाराने खरोखर बगळे पाहिले होते असे समजावे.

बकध्यान आणि वास्तव

बगळ्याच्या वाट्याला सौंदर्याबरोबर बदनामीही आली. पंचतंत्रातील ढोंगी बगळा आणि त्याची मान आवळणारा खेकडा ही कथा अरबी-फारसी रूपांतरांतून जगभर गेली. अकबराच्या काळातील ‘अन्वर-इ-सुहैली’च्या सचित्र प्रतींपर्यंत तिचा प्रवास झाला. ‘बकध्यान’ आणि ‘बगळाभगत’ हे शब्द तर रोजच्या बोलण्यातले.

एका पायावर निश्चल उभे राहून माशाची वाट पाहणाऱ्या बगळ्यांना पाहून ही कल्पना सुचली असेल. गायबगळ्याला मात्र ती फारशी लागू पडत नाही. तो सतत चालता असतो. भक्ष्य दिसताच धड स्थिर ठेवून मान डावी-उजवीकडे डोलवतो, अंतराचा अंदाज घेतो आणि क्षणार्धात चोच मारतो. थव्यात असताना मागचे पक्षी पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे उतरतात, त्यामुळे सारा थवा शेतातून लाटेसारखा सरकत जातो. पाण्याकडे पाठ फिरवून कोरड्या गवतात पोट भरणारा हा बगळा आहे. तासभर त्याचे रेखाटन करू पाहणाऱ्याला त्याच्या ‘ध्याना’चा अनुभव क्वचितच येईल.

कॅमेऱ्याची कसोटी

छायाचित्रणाच्या दृष्टीने गायबगळा हा उत्तम शिक्षक आहे. तो सहज सापडतो, माणसाला फारसा बुजत नाही आणि प्रकाशाच्या हिशेबातील चूक लगेच दाखवून देतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. चौकटीत पांढरा पक्षीच मोठा असेल तर कॅमेरा दृश्य अधिक उजळ समजून प्रकाश कमी करतो आणि बगळा मळकट करडा दिसतो. याउलट काळ्या म्हशीजवळ छोटा बगळा उभा असेल तर चौकटीत काळा रंग अधिक असल्याने कॅमेरा प्रकाश वाढवतो. म्हैस करडी होते आणि बगळ्याच्या अंगावरील पिसांचा सर्व तपशील नाहीसा होऊन एक पांढरा डाग उरतो. पहिल्या प्रसंगी एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते, तर दुसऱ्या प्रसंगी एक ते दीड स्टॉप कमी करावे लागते. हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेला जाऊन आदळत नाही ना, हे पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. काळोखात गेलेला तपशील नंतर काही प्रमाणात परत आणता येतो. करपलेल्या पांढऱ्या रंगातून काहीच परत येत नाही.

काळी म्हैस आणि पांढरा बगळा हे दृश्य आपल्याकडे इतके सामान्य आहे की त्यातील अवघडपणा जाणवत नाही. प्रकाशाची दोन टोके एकाच चौकटीत सांभाळायची असल्याने भर दुपारचे ऊन टाळावे लागते. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास किंवा पातळ ढगांनी झाकलेला दिवस सर्वांत अनुकूल. जमिनीशी बसून पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा ठेवला तर पार्श्वभूमीचे गवत धूसर होते आणि पक्षी उठून दिसतो. उडता थवा टिपताना शटरचा वेग सेकंदाच्या सोळाशेव्या किंवा दोन हजाराव्या भागाइतका ठेवावा. वेग मुद्दाम कमी करून थव्याबरोबर कॅमेरा फिरवला तर पंखांच्या रेषा कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारख्या उमटतात.

भारतात या कलेची परंपरा जुनी आहे. रेल्वेत अधिकारी असलेले ई. एच. एन. लोथर यांनी अवजड कॅमेऱ्यांच्या काळात आडोशात बसून घरट्यांची छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२ ते १९९६) यांनी आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रण केले. ते लेखक होते आणि रेखाटनेही करीत. रंगाचे आकर्षण बाजूला ठेवून छायाप्रकाश आणि प्राण्याचे वर्तन यांकडे पाहण्याची त्यांची रीत पांढऱ्या पक्ष्याच्या छायाचित्रणाला आजही मार्गदर्शक ठरते.

चित्रणात आलेला अनोळखी पाहुणा

जॉन जेम्स ऑडुबॉन यांच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ४३५ चित्रे आहेत. त्यात तिकडचे बगळे आहेत, परंतु गायबगळा नाही. त्या वेळी तो त्या खंडात नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून काही पक्षी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचले. जंगले तोडून केलेली कुरणे आणि त्यांवर चरणारी गुरे यांमुळे त्यांना आयताच आसरा मिळाला.

१९५२ च्या वसंतात फ्लोरिडामध्ये एका चित्रपटकाराने गुरांभोवती वावरणाऱ्या पांढऱ्या बगळ्यांचे चित्रण केले. ते तेथील नेहमीचे हिमबगळे असावेत असा त्याचा समज होता. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये गायबगळा सापडल्याचे वृत्त आले. मग जुने चित्रण पुन्हा तपासले गेले आणि त्यातील पक्षी गायबगळे असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, फ्लोरिडात त्याच्या विणीची नोंद झाली. डोळ्यांनी ‘नेहमीचा पांढरा बगळा’ म्हणून जे सोडून दिले होते ते कॅमेऱ्याने जपून ठेवले होते.

भारतातील सामान्य छायाचित्रकारालाही यातून बोध घेता येईल. तारीख आणि ठिकाण नोंदवलेले गायबगळ्याचे छायाचित्र हा एक दस्तऐवज आहे. नारिंगी पिसे कोणत्या आठवड्यात आली, घरटी कोणत्या झाडावर होती, पिल्ले कधी उडाली, या नोंदी वर्षानुवर्षे जमा झाल्या तर पावसाच्या बदलत्या वेळापत्रकाशी पक्ष्यांची वीण कशी जुळवून घेते हे समजू शकते. उत्तर व पश्चिम भारतात वीण प्रामुख्याने पावसाळ्यात होते. दक्षिणेकडील काही भागांत ती ईशान्य मोसमी पावसाशी निगडित असते. नागपूर, बडोदा, बेळगाव आणि चेन्नई येथील नोंदी शेजारी ठेवल्या तर हा फरक छायाचित्रांतूनच दिसू शकेल.

पिसांचे मोल आणि घरट्याची मर्यादा

बगळ्याचे सौंदर्य त्याच्या जिवावर उठल्याचा इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे खोवण्याची फॅशन होती. विणीच्या हंगामातील लांब, तलम पिसांना सर्वाधिक किंमत मिळे. त्यामुळे पक्षी मारले जात ते नेमके घरट्यात अंडी-पिल्ले असताना, आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत. मोठा आणि लहान बगळा हे या व्यापाराचे मुख्य बळी होते. या क्रौर्याविरुद्ध ब्रिटन व अमेरिकेत उभ्या राहिलेल्या चळवळींतून पक्षिसंरक्षणाच्या नामवंत संस्था निर्माण झाल्या. ब्रिटिश भारताच्या सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली.

आज पिसांसाठी बगळे मारले जात नाहीत. धोका आता झाडांना आहे. गायबगळे एकेकटे घरटे करीत नाहीत. वंचक, रातबगळे, लहान बगळे आणि पाणकावळे यांच्यासह ते एकाच झाडावर किंवा झाडांच्या समूहावर वसाहत करतात. मराठी पक्षिसाहित्यात तिला ‘सारंगागार’ असा सुरेख शब्द आहे. भरतपूरचे केवलादेव आणि तमिळनाडूतील वेडंतांगल येथील वसाहतींना संरक्षण आहे. परंतु असंख्य सारंगागारे बसस्थानकाजवळच्या वडावर, बाजारातल्या चिंचेवर किंवा वसाहतीतल्या पर्जन्यवृक्षावर असतात. नर काड्या आणतो, मादी त्या रचते. साधारण तीन ते पाच अंडी, सुमारे साडेतीन आठवडे उबवण आणि मग पिल्लांचा कलकलाट. खाली विष्ठेचा सडा आणि दुर्गंधी पसरते, रहिवासी तक्रार करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या छाटणीत नेमक्या त्याच फांद्या तोडल्या जातात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्ग रुंदीकरणासाठी झाड पाडले गेले आणि घरट्यांतील पिल्ले मोठ्या संख्येने मेली. त्या घटनेचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि जनमत संतप्त झाले. ते चित्रण झाले नसते तर त्या पिल्लांची दखल कदाचित कोणी घेतली नसती.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. रहिवाशांची अडचण खरी असली तरी तिच्यावर उपाय आहेत. धोकादायक फांद्यांची छाटणी पिल्ले उडून गेल्यानंतर करता येते. हंगामापुरते झाडाखालचे वाहनतळ हलवता येते, पदपथावर तात्पुरते छत घालता येते. मुळात छाटणीच्या यादीत एखादे झाड घालण्यापूर्वी त्यावर घरटी आहेत का, हे मान वर करून पाहणे एवढीही काळजी पुष्कळदा पुरेशी ठरते. तारखेसह घेतलेले झाडाचे छायाचित्र वेळेवर सादर केले तर नगरपालिकेच्या किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

हीच मर्यादा छायाचित्रकारानेही पाळावयाची असते. घरट्याजवळ गेल्याने पालक उडाले की कावळे व घारी अंडी-पिल्ले पळवतात. घाबरलेली पिल्ले खाली पडतात आणि पुन्हा वर जाऊ शकत नाहीत. पूर्वी घरटे स्पष्ट दिसावे म्हणून आड येणाऱ्या फांद्या बाजूला करण्याची पद्धत होती. त्यामुळे पिल्लांवरचे ऊन-पावसाचे छत्र नाहीसे होते. ही पद्धत आज त्याज्य मानली जाते. वसाहतीवर ड्रोन नेणे, फ्लॅश वापरणे, झाडाखाली गर्दी करणे हेही टाळावे. पक्षी आपले काम थांबवून छायाचित्रकाराकडे पाहू लागला तर अंतर कमी पडले आहे असे समजून मागे सरावे.

पाहण्याचा सराव

गायबगळ्याच्या रसग्रहणासाठी महागडी लेन्स किंवा दूरचा प्रवास लागत नाही. वही आणि पेन्सिल घेऊन बांधावर अर्धा तास बसले तरी पुरे. प्रथम पक्षी न काढता त्याच्या भोवतीची गडद जागा काढावी, म्हणजे पांढरा आकार आपोआप उमटतो. नंतर मानेची वळणे टिपावीत: चालताना, डोलताना, चोच मारताना, गुराच्या पाठीवर विसावताना. कॅमेरा हाती असेल तर एकच थवा निरनिराळ्या प्रकाशात टिपावा. गवताच्या हिरवळीवरच त्याचे चित्र घ्यावे असेही नाही. प्लास्टिकच्या ढिगावर उभा असलेला गायबगळा हेही आजच्या भारताचे खरे चित्र आहे, आणि भविष्यातील अभ्यासकाला कदाचित तेच अधिक मोलाचे वाटेल.

कोरोमंडलच्या बगळ्याचे चित्र काढणाऱ्या कलावंताला आपल्या रंगांवर एका जातीचे नाव ठरणार आहे याची कल्पना नव्हती. फ्लोरिडातील चित्रपटकारालाही आपण काय टिपले हे ठाऊक नव्हते. दोघांनीही समोरचा पक्षी प्रामाणिकपणे नोंदवला, एवढेच. यंदा पाऊस सुरू होईल तेव्हा बांधावरचा गायबगळा पुन्हा नारिंगी होईल आणि गावातल्या जुन्या झाडाकडे काड्या नेऊ लागेल. तो कोणत्या झाडावर उतरतो एवढे कोणी लक्षपूर्वक पाहिले आणि टिपून ठेवले, तर ते झाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत उभे राहण्याची शक्यता वाढेल.